सिझेरियनचा निर्णय कोठे होतो?

बाळंतपणाची बातमी कळली की नातलगांचा पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा की मुलगी?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘नॉर्मल की सिझर?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रसूतिगृहातील अखेरच्या तासाभरात ठरले, अशी सर्वांची समजूत असते. पाणी कमी झाले, ठोके मंदावले, नाळ गळ्याभोवती होती, डॉक्टरांनी सांगितले आणि घरच्यांनी सही केली, एवढीच हकिकत पुढे सांगितली जाते. ही समजूत अपुरी आहे. शस्त्रक्रिया त्या तासात होते हे खरे, परंतु तिच्या निर्णयाचा मोठा भाग कित्येक महिने आधीच घडून गेलेला असतो. कोणते रुग्णालय निवडले, तेथे रात्री कोण हजर असते, पहिल्या बाळंतपणात काय झाले आणि घरात धीर किती होता, या गोष्टी स्त्रीच्या प्रकृतीइतक्याच निर्णायक ठरतात.

आरंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. सिझेरियन हे वैद्यकशास्त्राने मातृजातीला दिलेले मोठे वरदान आहे. वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असणे, वार वेळेआधी सुटून रक्तस्राव होणे, मूल आडवे असणे, नाळ बाळाच्या आधी बाहेर येणे, कळा चांगल्या असूनही बाळंतपण अडणे, बाळाच्या ठोक्यांत गंभीर बिघाड होणे, अशा प्रसंगी ही शस्त्रक्रिया दोन जीव वाचविते. ‘बाई अडली’ या दोन शब्दांत पूर्वीच्या पिढ्यांना मृत्यूची चाहूल लागत असे. आजही ज्या दुर्गम भागांत ही सोय वेळेवर पोहोचत नाही, तेथे माता दगावतात. म्हणून विरोध शस्त्रक्रियेला नाही. ती गरजेमुळे झाली की सोयीमुळे, एवढाच प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात २००५-०६ साली शंभरांपैकी सुमारे नऊ प्रसूती सिझेरियनने होत असत. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ टक्क्यांवर आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात याच शेवटच्या पाहणीत ते २५.४ टक्के होते, तेलंगणात ६०.७ टक्के, तर नागालँडमध्ये अवघे ५.२ टक्के. परंतु सर्वांत बोलका फरक राज्याराज्यांतील नव्हे. देशभरातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. म्हणजे खासगी रुग्णालयात पाऊल टाकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या स्त्रीची प्रसूती शस्त्रक्रियेने होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील बैठकीनंतर हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांहून अधिक असण्यास आधार नाही, असे म्हटले होते. २०१५ मध्ये तिने आपली भूमिका अधिक काळजीपूर्वक मांडली. कोणत्याही समाजात प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढते तेव्हा माता व नवजात यांचे मृत्यू कमी होताना दिसतात. त्यापुढे प्रमाण वाढले तरी मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही. त्याच वेळी संघटनेने हेही स्पष्ट केले की, ठरावीक आकडा गाठणे हे ध्येय नसून, जिला गरज आहे त्या प्रत्येक स्त्रीला ही सेवा मिळणे हे ध्येय आहे.

शरीराची कारणे

वाढत्या प्रमाणाची काही कारणे खरोखरच शरीरात आहेत. पहिले मूल होण्याचे वय वाढले आहे. वजन, रक्तदाब आणि गर्भारपणातील मधुमेह यांचे प्रमाण वाढते आहे. वंध्यत्वावरील उपचारांमुळे जुळ्यांची संख्याही वाढली. व्यापारी कुटुंबांत बैठी दिनचर्या, तूप-साखरेचा मुबलक आहार आणि ‘दोन जिवांचे खा’ हा प्रेमळ आग्रह एकत्र येतो. आईच्या रक्तातील साखर अनियंत्रित राहिली तर बाळ प्रमाणाबाहेर मोठे होण्याची शक्यता वाढते आणि नैसर्गिक प्रसूती अवघड होते. म्हणूनच गर्भारपणाच्या पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन साखर तपासण्याची शिफारस आपल्याकडील शासकीय मार्गदर्शक सूचनांत आहे. ही तपासणी, रोजचे चालणे आणि मोजका सकस आहार यांतून कुटुंबाला बरेच काही साधता येते.

तरीही शरीराची कारणे पुरी पडत नाहीत. सरकारी व खासगी रुग्णालयांत जाणाऱ्या स्त्रियांच्या शरीरांत तिप्पट फरक असू शकत नाही. उलट गुंतागुंतीच्या कितीतरी केसेस लहान प्रसूतिगृहांतून शेवटी मोठ्या सरकारी रुग्णालयांकडेच पाठविल्या जातात. तेव्हा उरलेले उत्तर अन्यत्र शोधावे लागते.

वेळ, मनुष्यबळ आणि मोबदला

पहिलटकरणीचे बाळंतपण बारा ते अठरा तासही चालू शकते. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. तालुक्याच्या गावातील प्रसूतिगृह पाहिले तर पुष्कळदा एकच स्त्रीरोगतज्ज्ञ सकाळी बाह्यरुग्ण तपासतो, दुपारी शस्त्रक्रिया करतो आणि रात्री कळा देणाऱ्या स्त्रीकडेही तोच पाहतो. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो. रक्त पेढीतून आणावे लागते. रात्री अकरा वाजता प्रगती मंद दिसत असेल, तर पहाटे तीन वाजता अडचण उद्भवल्यास भूलतज्ज्ञ मिळेल का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे उभा राहतो. मग ‘आताच करून टाकू’ हा निर्णय होतो. यामागे दरवेळी लोभच असतो असे मानणे अन्यायाचे आहे. पुष्कळदा मनुष्यबळाची उणीव असते. मात्र कारण काहीही असले तरी टाके त्या स्त्रीच्याच पोटावर पडतात.

मोबदल्याचा प्रश्न व्यापारी वाचकांना उलगडून सांगण्याची गरज नाही. अधिक वेळ लागणाऱ्या कामास कमी दाम आणि कमी वेळाच्या कामास अधिक दाम मिळत असेल, तर पेढीवरील मनुष्य कोठे वळेल हे सर्वांस ठाऊक आहे. नैसर्गिक प्रसूती आणि सिझेरियन यांच्या पॅकेजमध्ये हाच उलटा हिशेब असतो; खोलीचे दिवस, औषधे आणि भूलतज्ज्ञाची फी त्यात भर घालतात. कित्येक विमा योजनांतही सिझेरियनसाठी मर्यादा अधिक असते. त्यामुळे कुटुंबालाही फरक जाणवत नाही. ब्राझीलमध्ये खासगी रुग्णालयांतील प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले, तेव्हा २०१५ मध्ये तेथील शासनाला नियम करावे लागले. गर्भवतीने मागितल्यास डॉक्टरचे व रुग्णालयाचे सिझेरियनचे प्रमाण तिला सांगणे बंधनकारक झाले.

याला भीतीची जोड आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णाच्या हक्कांसाठी ते आवश्यकच होते. परंतु त्याची एक बाजू अशी की, सिझेरियन केले म्हणून डॉक्टरांना फारसे कोणी जाब विचारत नाही. वेळेवर केले नाही म्हणून विचारतात. रुग्णालयांत होणाऱ्या तोडफोडीच्या बातम्यांनी ही भीती अधिक वाढविली. संतप्त नातलगांचा जमाव दारात उभा असेल, तर कोणताही डॉक्टर धीर धरण्याचा धोका पत्करणार नाही.

घड्याळ आणि यंत्र

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधील डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी काही शे प्रसूतींचा अभ्यास करून प्रगतीचा आलेख मांडला. त्यावरून पुढे ‘गर्भाशयाचे तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडले पाहिजे’ हा दंडक रूढ झाला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, अनेक निरोगी स्त्रियांची गती याहून मंद असते आणि केवळ त्या कारणास्तव हस्तक्षेप करू नये. कळांचा खरा वेगवान टप्पा पाच सेंटिमीटरनंतर सुरू होतो, असेही तिने नमूद केले. घरची माणसे मात्र पहिली कळ येताच स्त्रीला दाखल करतात. दोन-तीन सेंटिमीटरवर घड्याळ सुरू होते आणि सायंकाळी ‘पुढे सरकत नाही’ असा निष्कर्ष निघतो. पहिलटकरणीची प्रकृती चांगली असेल, पाणी गेलेले नसेल, रक्तस्राव नसेल आणि बाळाची हालचाल नीट असेल, तर कळा नियमित व जोरकस होईपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच थांबणे पुष्कळदा हितावह ठरते.

बाळाचे ठोके सतत नोंदविणाऱ्या यंत्राचेही असेच आहे. जोखीम नसलेल्या स्त्रियांमध्ये ठरावीक अंतराने ठोके ऐकणे आणि यंत्र सतत लावून ठेवणे यांची तुलना झाली आहे. सततच्या यंत्रामुळे नवजातांना झटके येण्याचे प्रमाण कमी झाले, परंतु बालमृत्यू घटले नाहीत आणि सिझेरियन मात्र वाढले. सोनोग्राफीतील ‘बाळ मोठे आहे’ हा अंदाजही दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकतो. गळ्याभोवती नाळ तर साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या बाबतीत आढळते. बहुतेक बाळे त्यासह सुखरूप जन्मतात. एवढे एकच कारण शस्त्रक्रियेस पुरेसे नसते.

पायाळू मुलांच्या बाबतीत विज्ञानानेच दिशा बदलली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या २६ देशांतील चाचणीत, नियोजित सिझेरियन पायाळू बाळासाठी अधिक सुरक्षित आढळले. त्यानंतर पायाळू बाळाची नैसर्गिक प्रसूती करण्याचे कौशल्यच नव्या डॉक्टरांच्या हातून जात चालले. मात्र ३६-३७ व्या आठवड्यात पोटावरून हाताने बाळ फिरविण्याचा मार्ग आजही उपलब्ध आहे. योग्य प्रकृतीच्या स्त्रीने त्याची चौकशी अवश्य करावी.

यंत्राच्या तुलनेत फार साधा उपाय म्हणजे सोबत. कळांच्या काळात स्त्रीजवळ सतत धीर देणारे माणूस असल्यास काय होते, याचा आढावा २६ चाचण्यांतून घेण्यात आला. त्यांत पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सोबत असलेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूती अधिक झाल्या, सिझेरियन कमी झाले आणि कळांचा काळही काहीसा घटला. पूर्वीची अनुभवी सुईण किंवा आत्या-मावशी जवळ बसून पाठ चोळत असे, त्यातले शहाणपण येथे दिसते. आता केंद्र शासनानेही सरकारी प्रसूतिकक्षांत सोबतिणीला मान्यता दिली आहे; तरीही कित्येक खासगी प्रसूतिकक्षांची दारे सोबतीला बंदच आहेत.

घराचा वाटा

सर्व दोष रुग्णालयावर टाकून कुटुंबाला मोकळे होता येत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. ती मायेची आहे, पण तिच्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलते, डॉक्टर बदलतात आणि नव्या डॉक्टरांपुढे ओळख नसलेली स्त्री उभी राहते. शिवाय माहेरच्या मंडळींच्या मनावर ओझे असते. ‘आमच्या घरी काही कमी-जास्त झाले तर सासरी तोंड कसे दाखवायचे?’ या भीतीपोटी डॉक्टरांनी नुसता पर्याय सुचविला तरी तत्काळ होकार दिला जातो. लेकीला वेदनांनी कळवळताना पाहून ‘आता करून टाका’ असा धोशा आईवडीलच लावतात. वास्तविक वेदना कमी करण्यासाठी पाठीतून औषध देऊन वेदनारहित प्रसूतीची सोय अनेक शहरांत आहे आणि आजच्या पद्धतीत त्यामुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, असे अभ्यास सांगतात.

मुहूर्ताचा विषय नाजूक आहे, पण टाळण्याजोगा नाही. दुकानाच्या उद्घाटनासाठी मुहूर्त पाहणे वेगळे आणि जन्माची घटका ठरविण्यासाठी पोट उघडणे वेगळे. वैद्यकीय कारणाशिवायचे नियोजित सिझेरियन ३९ आठवड्यांपूर्वी करू नये, असा सल्ला आहे. ३७ व्या आठवड्यात शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बाळांना श्वसनाचा त्रास होऊन नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्याची शक्यता अधिक असते. शुभ घटकेसाठी बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ यावी, यात शुभ काय?

पहिला व्रण

पहिल्या सिझेरियनचा परिणाम पुढील सर्व बाळंतपणांवर होतो. १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी ‘एकदा सिझेरियन, तर सदैव सिझेरियन’ अशा अर्थाचे विधान केले. त्या काळी गर्भाशय उभे कापले जाई. आज खालच्या भागात आडवा छेद देतात. अशा छेदानंतर योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी साधारण चारांपैकी तिघींची पुढची प्रसूती नैसर्गिकपणे होऊ शकते. व्रण उकलण्याचा धोका सुमारे दोनशेत एक इतका असतो. तो लहान असला तरी गंभीर आहे, म्हणून हा प्रयत्न तातडीने शस्त्रक्रिया करता येईल अशाच ठिकाणी करावा. लहान प्रसूतिगृहांत ती तयारी नसते, त्यामुळे दुसऱ्या वेळी शस्त्रक्रिया जवळजवळ ठरूनच जाते.

प्रत्येक नव्या व्रणाबरोबर वार व्रणावर रुजून खोलवर चिकटण्याचा धोका वाढत जातो. अशा वेळी प्रचंड रक्तस्राव होतो आणि कधी गर्भाशय काढून टाकावे लागते. म्हणून निरोगी पहिलटकरणीवर होणारे पहिले सिझेरियन हाच खरा विचाराचा क्षण आहे. २००१ मध्ये डॉ. मायकेल रॉबसन यांनी सर्व प्रसूतींची दहा गटांत विभागणी सुचविली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती पुढे स्वीकारली. तिच्यामुळे कोणत्या गटातील स्त्रियांवर शस्त्रक्रिया वाढत आहेत, हे प्रत्येक रुग्णालयाला तपासता येते.

कुटुंबाने काय विचारावे

मालाची पारख न करता व्यापारी सौदा करीत नाही. रुग्णालय निवडतानाही सातव्या महिन्यापूर्वी शांतपणे पुढील प्रश्न विचारावेत.

येथे पहिलटकरणींपैकी साधारण किती जणींचे सिझेरियन होते? २०१७ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांना हे प्रमाण दर्शनी भागात लावण्यास सांगण्यात आले होते. तेव्हा हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

रात्री डॉक्टर, परिचारिका आणि भूलतज्ज्ञ किती वेळात उपलब्ध होतात? रक्ताची सोय कोठून होते?

कळांच्या वेळी स्त्रीजवळ एक सोबतीण थांबू शकते का? वेदनाशमनाची सोय आहे का?

आधी सिझेरियन झाले असल्यास नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न येथे केला जातो का? मागील शस्त्रक्रियेचे कागद त्यासाठी सांभाळून ठेवावेत. छेद कसा होता हे त्यावरूनच कळते.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर एकच प्रश्न आधी विचारावा: ‘माता किंवा बाळ या क्षणी धोक्यात आहे का?’ उत्तर ‘होय’ असेल तर वाद नको, ज्योतिषाला फोन नको, सासर-माहेरची सल्लामसलत नको; तत्काळ संमती द्यावी. उत्तर ‘नाही’ असेल तर ‘दोन तास थांबल्यास काय होईल?’ हे विचारता येते आणि वेळ असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मतही घेता येते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क नमूद आहे. हे प्रश्न नम्रपणे विचारणाऱ्या कुटुंबाशी चांगला डॉक्टर मोकळेपणानेच बोलतो. धमकी देणाऱ्याशी बोलताना तो फक्त स्वतःचा बचाव पाहतो.

या सर्व चर्चेत जिचे शरीर आहे तिला विचारायचे राहून जाऊ नये. सही पतीची, मत सासूचे, घाई माहेरची आणि टाके तिचे, असा प्रकार अनेक घरांत घडतो. तिला काय हवे, कशाची भीती वाटते, हे कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ऐकून घेतले पाहिजे. आणि सिझेरियन झालेच, तर ‘कळा न देताच सुटली’ हे वाक्य घरात उच्चारले जाऊ नये. पोटाचे सात थर उघडून मूल बाहेर काढलेल्या स्त्रीला विश्रांती, सकस आहार आणि मदतीचे हात यांची गरज नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रीहून अधिकच असते. सव्वा महिन्यात तिने घरकामाला लागावे ही अपेक्षा अनाठायी आहे.

ओटीभरणाच्या तयारीसाठी घरोघरी याद्या निघतात. साडी, फुले, मिठाई, निमंत्रितांची नावे, सारे काही महिनाभर आधी लिहून काढले जाते. त्याच वहीत वरील प्रश्न उतरवून घ्यावेत आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्यावी. कळा सुरू झाल्यावर हे प्रश्न विचारण्याइतके शांत चित्त कोणाचेच राहत नाही.